बाळंतपण होईपर्यंत थांबू नका

नमस्कार ताई,

मी कळव्याला राहते. माझी धाकटी बहीण ऐरोलीला दिली आहे. तिला दोन वर्षांची मुलगी आहे आणि आता पुन्हा पाचवा महिना सुरू आहे. ती दारू पिते. पहिल्या बाळंतपणानंतर झोप लागत नाही म्हणून सुरुवात झाली, आता रोज क्वार्टर लागते, कधी जास्तही. भावजींना माहीत होतं, पण तेही शनिवार-रविवार घरी घेतात, त्यामुळे त्यांनी फार मनावर घेतलं नाही. दिवस गेले की सोडेल असं सगळ्यांना वाटलं. सोडली नाही. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी बाटल्या ओतून दिल्या आणि तिला खोलीतून बाहेर पडू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला दरदरून घाम, उलट्या, हात इतके थरथरत होते की कप धरता येईना. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीला उलट्या व्हायच्याच. शेवटी भावजींनीच बाटली आणून दिली.

आता सासूबाईंचं म्हणणं, बाळंतपण होऊ दे, मग बघू. तोवर कुणाला कळता कामा नये. नाव घातलंय त्या डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. भावजींनी जेवणात मिसळायची कसलीशी पावडर आणली आहे. मी एका व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला, ते म्हणाले गरोदर बाई आम्ही घेत नाही. दुसऱ्याने सांगितलं, माणसं पाठवतो, उचलून आणतो. दोन्ही ऐकून मला रडू आलं. अशा अवस्थेत तिला कुठे राहून उपचार मिळतील का? छोटीचं काय करायचं? बाळाला काय झालं असेल? आणि सासूबाई म्हणतात तशी तिची मुलं तिच्याकडून काढून घेता येतात का?

– एक मोठी बहीण

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त काळजी वाटली ती हातातला कप धरता येईना, या ओळीची. ते डोहाळे नव्हते. पाचव्या महिन्यात आलेली साधी मळमळही नव्हती. रोज ठरावीक दारू मिळण्याची सवय झालेल्या शरीराला ती अचानक मिळाली नाही की असंच होतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. तुमची बहीण त्या वाटेवर एक दिवस चालून परत आली आहे. सासूबाईंनी तिचं वाईट चिंतून बाटल्या ओतल्या नाहीत, हे मी जाणते. पण पुन्हा तसं करू देऊ नका. तिची दारू बंद व्हायलाच हवी, फक्त ती घरातल्या बंद खोलीत होऊ नये. हॉस्पिटलच्या वॉर्डात, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावी. म्हणून दिवस ढकलू नका, उद्याच सकाळी तिला घेऊन निघा.

कुठे जायचं? तुमच्या घराजवळच, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात. ठाणे महापालिकेचं हे रुग्णालय मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, त्यामुळे स्त्रीरोग विभाग आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात आहेत. तुमच्या बहिणीला नेमकी हीच गोष्ट हवी आहे. ऐरोलीहून सोयीचं वाटलं तर नेरुळचं डी. वाय. पाटील किंवा कामोठ्याचं एमजीएम ही मेडिकल कॉलेजची रुग्णालयंही आहेत. केसपेपर काढतानाच सांगा की ती पाच महिन्यांची गरोदर आहे, रोज दारू घेते आणि बंद केल्यावर थरथर सुटली होती. ही तिन्ही वाक्यं एका दमात सांगा. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची तपासणी, औषधं, बाळंतपण, गरज पडली तर सिझेरियनसुद्धा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. ही योजना २०११पासून चालू आहे, तेव्हा पैशांसाठी अडून राहू नका.

डॉक्टरांपासून लपवण्यात एक धोका आहे, तो सासूबाईंनाही समजावून सांगा. गरोदरपणात फिट आली तर कुठलाही डॉक्टर आधी रक्तदाब वाढल्याचा विचार करणार, आणि तो बरोबरच आहे. पण ही फिट दारू तुटल्यामुळेही असू शकते, हे त्यांना कुणी सांगितलंच नसेल, तर उपचार अपुरे पडतात आणि हातातली वेळ जाते. त्या वेळी लपवून जपलेली इज्जत कुणाच्याच कामी येत नाही. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तिच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी संबंधित मानसिक अवस्थाही या कायद्यात येतात.

गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’ असं मात्र करू नका. आपल्याकडे हा सर्रास उपाय आहे. सतत पिणाऱ्या आणि धड न जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. हॉस्पिटलमध्ये आधी बी-१ देतात, मग मोजून-मापून, कमी करत नेलेल्या डोसची औषधं देऊन थरथर आणि फिट आवरतात, आणि बाळाचे ठोके बघत राहतात. हा भाग साधारण आठवड्याभरात उरकतो. उद्या पोहोचण्याआधीच फिट आली, ती असंबद्ध बोलू लागली, अंगावरून रक्त गेलं किंवा जाणवत असलेली बाळाची हालचाल बंद झाल्यासारखी वाटली, तर १०८ला फोन करा.

आता ती पावडर. भावजींच्या हातून ती आजच काढून घ्या आणि फेकून द्या. असल्या पुड्यांवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं एक औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, भयंकर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. पेशंटची संमती घेऊन, तपासण्या करून डॉक्टर ते देतात, आणि गरोदर बाईला देणं टाळतात. ते तिच्या नकळत भाजीत कालवलं गेलं आणि संध्याकाळी ती प्यायली, तर काय होईल? माझ्या मते नवरा बायकोला असं काही चोरून खाऊ घालतो तेव्हा औषध बिघडतंच, पण त्या घरातल्या जेवणाच्या ताटावरचा तिचा विश्वासही उडतो. आणि पुढच्या सगळ्या उपचारांना तोच विश्वास लागणार आहे.

हॉस्पिटलमधला आठवडा शरीरासाठी. त्यानंतर प्रश्न येतो राहून उपचार घेण्याचा, आणि तिथे तुम्हाला नकार का मिळाला तेही सांगते. केंद्र सरकारने देशभरात केलेल्या व्यसनांच्या पाहणीचा अहवाल २०१९मध्ये आला. त्यात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचं १.६ टक्के निघालं. हे आकडे बघून सगळी व्यवस्था पुरुषांसाठी उभी राहिली. स्त्रियांसाठी वेगळा विभाग असणारी केंद्रं मोजकी आणि गरोदर बाईला घेणारी त्याहून कमी. खरं तर त्याच पाहणीत पिणाऱ्या बायकांपैकी साधारण सोळामागे एक दारूवर अवलंबून असलेली निघाली. त्यांना जायला जागा कमी असल्यामुळे त्या घरातच राहतात, आणि दिसत नाहीत म्हणून जागा वाढत नाहीत. शरीराचं गणितही बाईच्या विरोधात असतं. अंगात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते आणि लिव्हर लवकर खराब होतं. मला या गोष्टीचा राग येतो. ठाण्यासारख्या एवढ्या मोठ्या जिल्ह्यातल्या बाईला राहण्याची जागा शोधताना फोनवर फोन करावे लागतात, हे बदलायला हवं.

तरी वाटा आहेत. पुण्याचं मुक्तांगण तुम्हाला नावाने माहीत असेलच. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या या केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. तिथे फोन करून विचारा की पाचव्या-सहाव्या महिन्यातली बाई घेता का, आणि नसल्यास कुणाकडे पाठवता. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६ या दोन्ही मोफत आहेत. तुमच्या भागात स्त्रियांना घेणारं नोंदणीकृत केंद्र कोणतं, हे त्यांना नेमकं विचारा. वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांनाही विचारा. कोणतं केंद्र कशाला हो म्हणेल, हे त्यांना बरेचदा चांगलं ठाऊक असतं.

केंद्र निवडताना मी पहिल्यांदा कशाकडे बघते सांगू? रात्री दोन वाजता तिच्या पोटात दुखू लागलं तर काय करणार, या प्रश्नाला ते काय उत्तर देतात. कुठल्या प्रसूतिगृहाशी बोलणं झालेलं आहे, गाडी कुठली, सोबत कोण जाणार, हे त्यांनी पटापट सांगितलं पाहिजे. ‘बघू, तशी वेळ येत नाही’ असं म्हणाले तर फोन ठेवून द्या. रात्रपाळीला बायकाच असतात ना, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, सोनोग्राफी आणि तपासणीच्या तारखांना बाहेर सोडतात का, घरच्यांना कधी भेटता येतं, हेही विचारा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी दाखवायला सांगा. प्रत्यक्ष जाऊन स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम बघून या. आणि तिथे राहणाऱ्या बाया तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात की आधी कर्मचाऱ्यांकडे बघतात, यावरून खूप काही कळतं.

‘माणसं पाठवतो, उचलून आणतो’ म्हणणाऱ्याचा नंबर कायमचा काढून टाका. पोटात बाळ असलेल्या बाईला चार पुरुषांनी धरून गाडीत कोंबायचं, याला उपचार म्हणत नाहीत, आणि कायदाही तसं करू देत नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या संमतीने दाखल व्हावं हा कायद्याचा मूळ मार्ग. ती निर्णय घेण्याच्या अवस्थेतच नसेल आणि तिच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा तिला स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे तिच्या वतीने बोलण्यासाठी ठरलेल्या व्यक्तीच्या, अर्जावर दाखल करता येतं. पण त्याआधी दोन तज्ज्ञांनी तिला स्वतंत्रपणे तपासायचं असतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि हा प्रवेशही आधी तीस दिवसांपुरताच असतो.

छोटीबद्दल याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यात एक तरतूद आहे, ती फार थोड्या लोकांना माहीत असते. उपचारासाठी दाखल झालेल्या बाईचं मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर त्याला सर्वसाधारणपणे आईपासून वेगळं करायचं नाही. आईपासून मुलाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं, किंवा मुलाच्या सुरक्षिततेसाठीच गरजेचं असलं, तरच तात्पुरतं वेगळं ठेवायचं. तेव्हाही देखरेखीखाली भेट होऊ द्यायची, दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा, आणि तीस दिवसांवर गेलं तर प्राधिकरणाची मंजुरी घ्यायची. तुमची भाची दोन वर्षांची आहे, म्हणजे यात बसते. प्रत्यक्षात पुष्कळ केंद्रांत लहान मुलाची काहीच सोय नसते, म्हणून ‘तिची मुलगी सोबत राहू शकेल का’ हे आधीच विचारा. सोय नसेल आणि छोटी तुमच्याकडे किंवा आजीकडे राहणार असेल, तर ती कुठे आहे, कुणासोबत झोपते, काय जेवते हे तिच्या आईला रोज कळू द्या. मूल कुठे असेल या काळजीने बायका उपचार अर्धवट टाकून घरी निघून येतात.

बाळाला काय झालं असेल, याचं उत्तर आज कुणीच छातीठोकपणे देऊ शकत नाही, आणि मीही तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. गरोदरपणात इतकी दारू चालते असं कुठलंच सुरक्षित प्रमाण ठरलेलं नाही. बाळाची वाढ, चेहऱ्याची ठेवण, पुढे शिकणं आणि वागणं यावर परिणाम होऊ शकतो, आणि सगळंच काही सोनोग्राफीत दिसत नाही. पण मेंदूची वाढ नऊही महिने चालते. म्हणजे पाचव्या महिन्यात थांबलेली दारू उरलेल्या चार महिन्यांसाठी तरी बाळापर्यंत पोहोचत नाही. सासूबाईंच्या ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ला माझा सगळ्यात मोठा विरोध आहे तो यासाठी. बाळ जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांनाही खरं सांगा, म्हणजे ते पहिल्या दिवसापासून नीट लक्ष ठेवतील.

इथे इतर वाचक भगिनींसाठी थोडं विषयांतर करते. ब्राउन शुगर, कोडीनचं कफ सिरप किंवा अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या यांची सवय असेल आणि दिवस गेले असतील, तर त्याही एकदम बंद करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा वेळी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवणं जास्त सुरक्षित असतं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळ चिडचिडं होतं, थरथरतं, नीट पीत नाही. त्यावर उपचार आहेत, फक्त बाळाला लगेच घरी नेऊ नये. आणि मशेरीला कुणी व्यसन समजत नाही, पण तो तंबाखूच आहे. त्यामुळे बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि पोटात दगावण्याचा धोकाही वाढतो. गरोदरपणात मशेरीही सुटायला हवी.

मुलं काढून घेण्याच्या धमकीचं बोलू. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो. प्रकरण कोर्टात गेलंच तर तिथे मुलाचं हित बघतात. सासूच्या शब्दावर मूल काढून घेता येत नाही. आपण होऊन उपचाराला गेल्याचे कागद तिच्या बाजूचेच आहेत, जपून ठेवा. धमक्या वाढल्या तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला तिथे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तिला खोलीत कोंडून ठेवण्याचा प्रकार पुन्हा झाला, किंवा मारहाण होत असेल, तर महिला हेल्पलाइन १८१ आहे. ती एकटी असताना तिला हे एकदा विचारा. बायका हे सगळ्यांसमोर सांगत नाहीत.

भावजींसाठी माझा निरोप आहे, तो जसाच्या तसा द्या. भाऊ, तुमची शनिवार-रविवारची दारू आता बंद करावी लागेल. घरात आणायची नाही, बाहेरून पिऊन यायचं नाही. बायको महिनाभर केंद्रात राहून आली आणि फ्रिजवर तुमची बाटली तशीच असली, तर ती किती दिवस टिकेल? हे तुम्हाला जमत नसेल तर तोही एक आजारच आहे, आणि त्याच ओपीडीत तुमचाही केसपेपर निघतो.

लोकांना काय सांगायचं, ही सासूबाईंची अडचण मी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी त्या सोसायटीत आयुष्य काढलंय. पण आपल्याकडे गरोदर लेक माहेरी विश्रांतीला गेली तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. ‘बहिणीकडे गेली आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय’ एवढं पुरतं, आणि त्यात खोटंही फारसं नाही. डोहाळजेवण आल्यावर करा.

तुमच्या पत्रात सासूबाईंना काय वाटतं ते आहे, भावजींनी काय केलं ते आहे, बाळाची काळजी आहे. तुमच्या बहिणीचं स्वतःचं एकही वाक्य नाही. तिला काय हवंय, हे कुणी विचारलंय का? पहिल्या बाळंतपणानंतर तिला झोप येत नव्हती असं तुम्ही लिहिता. मला त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याची शंका येते, आणि ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसावं. तसं असेल तर डॉक्टरांनी तेही तपासायला हवं, नाहीतर दारू सुटेल आणि झोप न येणाऱ्या त्या रात्री तशाच राहतील. घरात सगळे तिला बाळासाठी सोड म्हणताहेत. त्याने तिची शरम वाढते, आणि शरम वाढली की ती आणखी पिते. तुम्ही तिला सांगा की तू आजारी आहेस, तुला बरं वाटायला हवं, मी सोबत येते. बाळाचा विषय ती काढेल तेव्हा बोला.

हे बोलण्यासाठी सकाळची वेळ निवडा, ती प्यायलेली नसेल अशी, आणि सासूबाई समोर नसाव्यात. तिने नाही म्हटलं तर वाद घालू नका. एकदा फक्त तपासायला चल, राहायचं की नाही ते तू डॉक्टरांशी बोलून ठरव, एवढंच मागा. थरथरीच्या त्या दिवसाची तिलाही भीती बसली असणार. ते पुन्हा होऊ नये म्हणून औषध मिळतं, हे ऐकून बऱ्याच जणी यायला तयार होतात.

आणि केंद्रातून परत येण्याची तारीख ठरवताना बाळंतपण गृहीत धरून ठरवा. बाळ झाल्यानंतरचे महिने पुन्हा सुरुवात होण्याच्या दृष्टीने फार नाजूक असतात. त्या सव्वा महिन्यात बाळंतिणीला खोलीत एकटी ठेवण्याची पद्धत तिच्यासाठी बरी नाही. रात्री बाळाला घ्यायला कुणीतरी हवं, म्हणजे तिला सलग काही तास झोप मिळेल. मानसोपचाराची पुढची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. अंगावर पाजण्याबद्दल, कुठली औषधं चालू आहेत ते सांगून डॉक्टरांना विचारा. दारू बंद असेल तर बहुतेक वेळा पाजता येतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या मीटिंगला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावं लागत नाही. तुमच्यासारख्या घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन आहे. तिथे तुम्ही जा, कारण तुम्हीही रात्री झोपत नसणार.

उद्या कळव्याला जाताना तिची आजवरची सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि छोटीसाठी दोन कपडे सोबत घ्या. रुग्णालयात काय म्हणाले ते मला लिहून कळवा. केंद्र शोधताना कुठे अडलात तर तेही लिहा.